अठ्ठावीस अंश

पलंग उलटा होता. खोली मी आखलेली, पलंगाची जागाही मी आखलेली, आणि पलंग त्या जागेवरून इंचभरही हललेला नव्हता. पण उशी जिथे हवी तिथे पाय होते आणि पाय जिथे हवेत तिथे उशी. जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटरवर सुरू होणारी ती खिडकी, जिच्यासाठी मी बिल्डरशी अकरा महिने हमरीतुमरीवर आलो, जिच्याबाहेर मीटरभर खोल मातीत एक आख्खं झाड उभं आहे, ती खिडकी आजींच्या डोक्यामागे होती आणि वर पडदाही ओढलेला. हातात प्रश्नावली घेऊन मी दारातच थबकलो. इमारतीत माणसं राहायला येऊन वर्ष झालं की घरोघरी जाऊन विचारायचं, उजेड पुरतो का, वारा फिरतो का, झाड दिसतं का. ही माझी जुनी पद्धत. शहाण्णव घरांपैकी हे त्रेचाळिसावं. बेचाळीस घरांनी मला खुशीत ठेवलं होतं, चहा पाजला होता, आणि इथे पाऊल टाकल्याबरोबर कुणीतरी थोबाडीत द्यावी तसं झालं. म्हटलं, सामान आणणाऱ्यांनी घोळ घातला असेल. आपला हसत हसत म्हणालो, "आजी, पलंग चुकून उलटा लागलाय वाटतं. फिरवून घेऊ का?"

आजी म्हणजे ब्याऐंशी वर्षांच्या बाई, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं ऑपरेटर होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना आजी म्हणायचं माझं वय नाही, मीही साठी ओलांडली आहे, पण सगळी इमारत म्हणते म्हणून मीही म्हणतो. "चुकून नाही हो," त्या म्हणाल्या, "मीच फिरवून घेतला. पहिल्याच आठवड्यात." "अहो, पण मग झाड दिसत नाही." "नाहीच दिसत." "मग?" "मग काय? दार दिसतं." खरंच, त्यांच्या पायांच्या रेषेत खोलीचं दार, त्यापलीकडे घराचं दार सताड उघडं, त्यापलीकडे जिना. तेवढ्यात जिन्यावरून कोणीतरी पिशवी घेऊन चढलं आणि आत डोकावून "काय आजी, बरं आहे ना?" म्हणून गेलं. आजींनी हात वर केला. "बघितलंत? झाड तुमचं गुणी आहे, मी नावं ठेवत नाही त्याला. पण ते काही जेवलात का म्हणून विचारत नाही." मी हसलो. हसावंच लागलं. आतून मात्र चांगलाच चिडलो होतो. हिरवं डोळ्यांपुढे असलं की नाडी कशी संथ होते, दुखणं कसं सुसह्य होतं, झोप कशी लागते, असं मी त्यांना समजावायला लागलो, आणि त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, राँग नंबर लागलेल्या माणसाचं ऐकून घ्यावं तसं. मग म्हणाल्या, "तुमच्या घरी कोणी झोपून होतं का कधी?" "हो. बायको. चौदा महिने." "तिला दिसायचं झाड?" "दिसायचं. मीच तशी सोय केली होती." "मग नशीबवान हो ती," आजी म्हणाल्या, आणि त्यात टोमणा अजिबात नव्हता. प्रश्नावलीवर 'झाड दिसतं का' याच्यापुढे मी काहीच न लिहिता खाली उतरलो.

उरलेली घरं करायची सोडून मी अंगणातल्या बाकावर बसलो. हेही अंगण माझंच. मधोमध पाण्याचा उथळ पाट, त्याच्या कडेने बाक, बाकाला लाकडी फळ्या, कारण सिमेंटला हात लावून कोणाला बरं वाटत नाही. आमच्या धंद्यात याला बायोफिलिक डिझाइन म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे: माणूस झाडापाण्यात वाढलेला प्राणी, त्याला चार भिंतींत कोंडला की तो कोमेजतो, तर भिंतीच अशा बांधा की ऊन घरभर फिरेल, वारा आरपार जाईल, पावसाचा आवाज कानावर येईल आणि निजलेल्या माणसालाही पानं दिसतील. माझी बायको म्हणायची, "एवढं मोठं नाव कशाला रे? झाडं लावा म्हणावं आणि मोकळं व्हावं." ती शाळेत भूगोल शिकवायची, तिला मोठ्या नावांचा राग. एकदा घरासमोरच्या झाडाचं नाव तिने मला विचारलं. मी म्हणालो, पानझडी, उंची नऊ मीटर, विस्तार सात. "अगं बाई, हे नाव झालं?" म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. झाडाचं नाव मला आजही माहीत नाही. उंची आता साडेदहा मीटर असेल.

निजलेल्या माणसाला पानं दिसलीच पाहिजेत, हा माझा नियम. ऑफिसात त्याला उशीचा नियम म्हणतात आणि मला, माझ्या मागे, उशीवाले म्हणतात. मला सगळं ठाऊक आहे, मी बहिरा नाही. स्लॅब पडला की मी माझ्या सगळ्या मदतनिसांना घेऊन साइटवर जायचो आणि एकेका खोलीत एकेकाला आडवं व्हायला लावायचो. डोक्याखाली वीट, म्हणजे उशीची उंची. मग डोळे उघडायचे आणि पानं दिसतात की नाही ते ओरडून सांगायचं. "दिसली!" "नाही दिसत साहेब, पाण्याची टाकी दिसते!" पाठी सिमेंटच्या धुळीने भरायच्या, गवंडी लोक फिदीफिदी हसायचे, पण शहाण्णव घरांतल्या एकाही पलंगाची नजर मी कागदावरून ठरवली नाही. प्रत्येक ठिकाणी माणूस निजवून बघितला. व्याख्यानांत मी हे सांगतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात, आणि मग मी तिच्याबद्दल सांगतो. म्हणजे नाव घेत नाही, 'माझ्या घरातली एक रुग्ण' म्हणतो. की तिला मान वळवता येत नव्हती, की तिची खिडकी तिच्या डोक्यामागे होती, आणि तरीही तिने शेवटचे चौदा महिने झाड बघत काढले, कसे ते सांगतो, फळ्यावर आकृती काढून. ती आकृती तर लोक वह्यांत उतरवून घेतात. ती गेल्यावर माझ्याकडे तेवढं एकच उरलं होतं, खोटं कशाला बोलू. बाकी सगळ्या बाबतीत मी कमी पडलो असेन, डॉक्टर बदलायला उशीर केला असेन, चिडलो असेन. पण तिला झाड दिसलं. हे माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. आणि आता ही टेलिफोनवाली बाई पलंग फिरवून निजते म्हणून मी त्रेपन्न घरं सोडून बाकावर का बसावं?

बायकोच्या मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गळ्याला पट्टा आला आणि मान एका जागी थांबली ती थांबलीच. आमचं घर जुनं, मी बांधलेलं नव्हे, शिंप्याचा सदरा फाटका असतो तसला प्रकार. खिडकी छातीपर्यंत उंच आणि पलंग लावायला तिच्याखालची एकच भिंत. म्हणजे ती निजलेली आणि झाड तिच्या डोक्यामागे. समोर काय, तर उघडी भिंत आणि कोपऱ्यात आरशाचं कपाट. मी ऑफिसला जाणं बंद केलं. लोकांना त्याचं फार कौतुक वाटलं, मलाही वाटलं. बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, चांगल्या उजेडात ड्रॉइंगचं टेबल लावलं आणि तिथून याच शहाण्णव घरांचं काम सुरू केलं. दिवसा तिचं करायला एक मावशी यायच्या. मी जवळच असायचो, हाकेच्या अंतरावर, बारा पावलांवर. एकदा ती म्हणाली, "कंटाळा येतो रे या भिंतीचा." आणि मग, "तुझं टेबल इकडेच आणून बस ना." मी लगेच टेप घेतली. दार शहात्तर सेंटिमीटरचं, टेबल ब्याण्णवचं. शिवाय आत उजेड डाव्या हाताने येत नाही, रेघेवर हाताची सावली पडते. तिला दोन्ही आकडे सांगितले. ती म्हणाली, "बरं. राहू दे." किती सहज म्हणाली. आता बाकावर बसून मला तिचा तो 'राहू दे' ऐकू येत होता, आणि पाटातलं पाणी आपलं खुळखुळत होतं, मूर्खासारखं.

पण तिच्या भिंतीचा मी विचार केला. दोन रात्री झोपलो नाही म्हणा ना. तिसऱ्या दिवशी मला कपाटाचा आरसा सुचला. आरसा कपाटाच्या दाराच्या बाहेरच्या अंगाला. दार बंद असताना तिला त्यात बाजूची भिंत दिसायची. पण दार उघडत नेलं की आरसा वळत वळत तिच्या डोक्यामागची खिडकी दाखवायला लागतो, हे कागदावर मांडून बघितलं. तिच्या डोळ्यांची उंची मोजली, पट्ट्याची जाडी मोजली, ती म्हणाली, "अरे, मी काय बीम आहे?" आणि मी म्हणालो, "हलू नकोस." उत्तर आलं अठ्ठावीस अंश. दार अठ्ठावीस अंश उघडं ठेवलं की आरशात खिडकी, खिडकीत झाड, बरोबर मधोमध. फरशीवर मी पेन्सिलीने खूण केली, दाराखाली सारायला लाकडाची पाचर केली, स्वतः तासून. मग तिच्या उशाशी वाकून विचारलं, "दिसलं का?" ती बराच वेळ बघत राहिली. आरशाकडे की माझ्याकडे, ते मी बघितलं नाही, मी कोनमापक बघत होतो. "दिसलं," ती म्हणाली. मला त्या दिवशी भरून आलं होतं. देवाशपथ.

घोळ एवढाच होता की दार जागेवर राहायचं नाही. सकाळी मी पाचर सारून खुणेवर लावून जायचो आणि संध्याकाळी बघावं तर दार खुणेच्या पुढे वीतभर. कपाटात चादरी होत्या, त्या काढताना मावशी दार ओढतात आणि तसंच सोडतात, हे उघड होतं. मी त्यांना नीट समजावलं. पेन्सिलीची खूण दाखवली. "मावशी, एवढी रेघ सांभाळा. वीतभर दार सरकलं की ताईंना झाड दिसत नाही." "हो साहेब." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा सांगितलं. "हो साहेब." महिनाभराने माझा तोल सुटला. म्हणालो, तुम्हाला एक साधं काम सांगितलंय, आंधळ्या आहात का, ती बाई दिवसभर भिंत बघत पडते याचं तुम्हाला काहीच कसं वाटत नाही. मावशी हातातली चादर घडी करत होत्या. घडी पूर्ण केली आणि म्हणाल्या, "तुम्हीच विचारा की ताईंना." मला तो उद्धटपणा वाटला. आतून तिचा आवाज आला, तेव्हा फार बारीक झाला होता, "अरे, त्यांना नको बोलूस. माझ्यामुळेच होतं." मी समजलो, हिला सारख्या चादरी बदलाव्या लागतात म्हणून म्हणते आहे, आणि विषय तिथेच संपवला. त्यानंतर बोललो नाही. रोज सकाळी दार खुणेवर आणायचं, रोज संध्याकाळी ते पुढे गेलेलं असायचं. दात घासावेत तसं ते एक काम झालं.

आणि संध्याकाळी पाच वाजता, ऊन त्या झाडावर येतं तेव्हा, मी टेबलावरूनच विचारायचो. पेन्सिल हातात, नजर कागदावर. "दिसलं का गं?" आतून यायचं, "दिसलं." एखाद्या दिवशी जास्त बोलायची. "आज सकाळपासून जागचं हललेलं नाही." मी वहीत टिपून ठेवायचो: वारा नाही, तरी रुग्णाचं लक्ष टिकून. ती वही अजून आहे, तिच्यावरूनच तर मी व्याख्यानात सांगतो. चौदा महिन्यांत तिने एकदाही 'नाही दिसलं' म्हटलं नाही. शेवटच्या दिवशी दुपारी विचारलं नव्हतं, कारण पाच वाजलेच नव्हते. सव्वातीनला मावशींनी हाक मारली, मी हातातली रेघ पूर्ण करून उठलो, किती, आठ-दहा सेकंद, आणि बारा पावलं चालून गेलो तर ती गेलेली होती.

बाकावर बसवेना. ऑफिसात फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं आणि सरळ घरी आलो. चालत आलो, चार किलोमीटर, डोक्यात एकच घेऊन. मुलीचा कालच फोन झाला होता: "बाबा, मी रविवारी येते. आईचं कपाट मोकळं करून टाकू. दोन वर्षं झाली, असं किती दिवस ठेवणार?" मी ये म्हणालो होतो. बायको गेल्यापासून मी त्या खोलीत झोपत नाही, बाहेरच्या दिवाणावर झोपतो. खोलीत जातो तो खिडकी लावायला, ती लावतो आणि बाहेर येतो. कपाटाला हात लावलेला नाही. मुलगी आली की दार उघडणार, बंद करणार, कपडे काढणार, मग कुठला कोन नि कुठली खूण. तेव्हा आजच एकदा बघून घ्यावं, असं मी स्वतःला सांगितलं. तपासणी म्हणून. शहाण्णव खोल्यांत मी माणसं निजवली, तिच्या जागेवर मात्र मी स्वतः कधीच निजून बघितलं नव्हतं. गणितावर विश्वास होता. आणि पलंगावर ती होती ना, निजणार कुठे?

घरी आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. चपला काढल्या, पाणी प्यालो, उगीच टेबलावरचे कागद सारखे केले. मग आत गेलो. खोलीला औषधाचा वास आता येत नाही, नुसता बंद खोलीचा येतो. पलंगावर गादी, गादीवर तिची उशी, अभ्रा मावशींनी धुऊन घातलेला. मी कडेला बसलो, मग पाय वर घेतले, मग पाठ टेकली. माझी मान वळते, म्हणून मुद्दाम हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी धरली, पट्ट्यासारखी. डोळे मिटले. साइटवर आम्ही असंच करतो, आधी मिटायचे, मग उघडायचे. मला भीती वाटत होती. दार जागेवर नसेल, भिंतच दिसेल, मला माहीत होतं, शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते खुणेवर आणायचं राहिलंच होतं. भिंत दिसली तर? म्हणजे ती रोज भिंतच बघत होती आणि मला बरं वाटावं म्हणून दिसलं म्हणत होती, असं तर नसेल? मी डोळे उघडले.

भिंत नव्हती. झाडही नव्हतं. आरशात खोलीचं दार होतं, दाराच्या चौकटीत बाहेरची खोली, आणि चौकटीच्या बरोबर मधोमध, एखाद्याने मोजून ठेवावं तसं, माझं टेबल, त्यावरचा दिवा आणि माझी रिकामी खुर्ची. खुर्चीची पाठ. पाठीवर टाकलेला माझा राखाडी स्वेटर. त्याची उसवलेली शिवणसुद्धा दिसत होती. पलीकडच्या खिडकीतून येणारा उजेड त्या खुर्चीवर पडलेला, डाव्या हाताने, मला हवा होता तसाच.

मी उठलो. गुडघ्यांवर बसून दाराखाली बघितलं. माझी पेन्सिलीची रेघ होती तशी होती, आणि तिच्या वीतभर पुढे, दाराखाली, माझीच पाचर घट्ट ठोकून बसवलेली. ओढलेलं नाही, सरकलेलं नाही. बसवलेलं. मी ती हलवून बघितली, हलेना. रोज सकाळी मी दार मागे घ्यायचो आणि रोज माझी पाठ वळली की ती बारीक आवाजात मावशींना सांगायची, मावशी दार पुढे ओढायच्या, पाचर ठोकायच्या, संध्याकाळी मी यायच्या आत ती काढून ठेवायच्या, शेवटच्या दिवशी तेवढं राहून गेलं, आणि कधी चादर घडी करत माझ्या शिव्या खायच्या. चारशेवर दिवस. माझं एवढं गणित, एवढी तासलेली पाचर. मला वाईट वाटू नये म्हणून ती एकदाही बोलली नाही. आणि मी तिकडे चौकटीत बसून परक्या लोकांच्या उशांपुढे झाडं मांडत होतो. माझ्या तोंडातून "अगं" एवढंच निघालं, आणि मग रडू आलं, मोठ्याने, कपाटाच्या दाराला धरून, ती गेली तेव्हासुद्धा मी असा रडलो नव्हतो.

किती वेळ गेला कोण जाणे. तोंड धुतलं. आणि मग ती दुसरी गोष्ट डोक्यात आली, जी खरं तर पहिल्याच क्षणी यायला हवी होती, कारण ती शाळेतल्या पोरालाही माहीत असते. आरसा एका बाजूने दाखवत नाही. जिथून मी दिसतो तिथलं मलाही दिसतं. मी बाहेर गेलो, खुर्चीत बसलो, जसा चौदा महिने बसत होतो तसा, टेबलाकडे तोंड करून, पेन्सिल हातात घेऊन. बाहेर पाच वाजत आले असावेत. मग मान वळवली. खुर्ची नाही फिरवावी लागली, उठावं नाही लागलं. फक्त डाव्या खांद्यावरून मागे बघायचं होतं. दाराच्या चौकटीतून आत कपाट, कपाटाचा आरसा, आणि आरशात तिची उशी, अगदी स्पष्ट, चेहरा असता तर डोळेही दिसले असते. उशीवर मघाच्या माझ्या डोक्याचा खळगा होता. मान अवघडायला लागली तरी मी तसाच बघत बसून राहिलो.